जास्त गुण, तरी हार: माहू की फेडरर?

रामनगरच्या कोर्टाबाहेर तर्री-पोहे खाताना टेनिसच्या अजब विक्रमांवरून जुंपली, की कोणीतरी 2010चा इस्नर-माहू सामना काढतोच. विम्बल्डन, तीन दिवस, 11 तास 5 मिनिटं, शेवटचा सेट 70-68. स्कोअरबोर्डही 47-47 वर अडकला होता बापा! इस्नरच्या 113 एस (समोरच्याला रॅकेटही लावता न आलेल्या सर्व्हिस), माहूच्या 103. पण खरी गंमत वेगळीच: माहूने 502 गुण जिंकले, इस्नरने 478. हरला माहू.

समोर ठेवा 2019ची विम्बल्डन फायनल. फेडरर 218 गुण, जोकोविच 204. गेम 36 विरुद्ध 32, सर्व्हिस ब्रेक (समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेले गेम) 7 विरुद्ध 3, सगळं फेडररच्या बाजूने. वर शेवटच्या सेटमध्ये 8-7, 40-15 वर दोन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे एक गुण मिळाला की चषक. पण गेले तिन्ही टायब्रेक (बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणारा खास गेम), आणि चषकही.

माहूची आघाडी 24 गुणांची, पण 980 गुणांत. फेडररची 14ची, फक्त 422 गुणांत. शिवाय माहू गेममध्येही 91-92 असा मागेच होता. म्हणून अजबपणात माझं मत फेडररला. आता निर्णायक सेटमध्ये 6-6 ला टायब्रेक होतो, त्यामुळे 70-68 मोडणं शक्यच नाही. फेडररसारखी हार मात्र उद्याही कोणाच्या वाट्याला येऊ शकते.