फ्लोरिडाचा प्रवाळदगड: बाणाची पाती घडवणाऱ्यांनी मागवावा का?

मागवावा. फक्त साल काढलेलाच मागवा, आणि भट्टीची सोय नसेल तर भाजून तयार केलेला घ्या. निकाल आधीच सांगतोय, कारण बेळगावपर्यंत पार्सलचं भाडं दगडापेक्षा जास्त पडतं.

सोनाराकडचं लाल पोवळं वेगळं आणि हे वेगळं. फ्लोरिडात टँपा बेच्या खाडीत, सुवानी, विथलाकूची, इकॉनफिना या नद्यांच्या पात्रांत हे सापडतं. 2-3 कोटी वर्षांपूर्वीचं प्रवाळ. चुन्याचा मूळ सांगाडा विरघळत गेला आणि त्या जागी पाण्यातली सिलिका बसली. म्हणजे आता तो अकीकच (अ‍ॅगेट). 1979 पासून तो त्या राज्याचा अधिकृत दगड आहे. तिथले मूळ रहिवासी याचे बाण-भाल्यांचे फाळ घडवायचे, आणि त्याआधी दगड भाजून घ्यायचे.

माझ्या खोक्यात आलेल्या निम्म्या तुकड्यांवर भुसभुशीत पांढरी साल होती, तीही चांगली जाड. वजनावर पैसे मोजायचे आणि साल काढून फेकायची, हे मला अजिबात पटलं नाही. विक्रेत्याला तसं कळवलं, उत्तर आलं नाही. काही ढेकळं आतून पोकळ निघाली. पोकळीतले निळसर फुगवटे शोकेसमध्ये शोभतात, पात्याला त्यांचा उपयोग नाही.

आमचे मामा आयुष्यभर पाट्या-वरवंट्याला टाकी लावत आले. त्यांनी एकेक तुकडा बोटांत सैल धरून खड्यानं टिचकावला. "ह्यो बघ, खणखणीत वाजतोय. आणि ह्यो खापरागत, आत चीर हाय, ह्याच्या नादाला लागू नको." त्यांनी बाजूला काढलेले तुकडे पहिल्याच ठोक्याला भलतीकडे फुटले. पार्सल आलं की आधी ही परीक्षा करा.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर असतो, त्यामुळे भाजण्याचं काम माझ्या जिव्हाळ्याचं. कच्चा प्रवाळदगड चिवट असतो. टवका अर्ध्यावरच मोडतो आणि तिथं पायरी राहते. म्हणून आधी ठोकून चपट्या कपच्या काढल्या, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत पुरल्या आणि मालकांना विचारून टेम्परिंगच्या भट्टीत ठेवल्या. ओलावा निघून जाईपर्यंत 100 अंशांच्या आसपास धरलं, मग सावकाश 300 च्या घरात नेलं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी भट्टी बंद केली, ती कामाच्या दिवशी सकाळीच उघडली. इथं घाई चालत नाही, दगड तडकतो.

आत गेलेला पिवळट-करडा दगड गुलाबी-लाल होऊन बाहेर आला. दगडातल्या लोहाचं उष्णतेनं हेमॅटाइट हे लाल खनिज होतं. गुजरातेतल्या खंभातचे कारागीर अकीक लाल करतात तेही असंच. पण भाजण्याचा खरा गुण टवका काढल्यावर कळतो. बाहेरचा भाग निस्तेजच राहतो, नवी जागा मात्र तुळतुळीत चमकते.

पात्याची कड आधी खरखरीत दगडावर घासून बळकट करायची, नाहीतर टवके काढायच्या टोच्याखाली नुसता चुरा होतो. तळहातावर जाड चामडं, त्यावर पातं, मग टोचा कडेला लावून आधी आत दाबायचं आणि शेवटी खाली जोर द्यायचा. माझा टोचा मोटर रिवायंडिंगवाल्याकडच्या जाड तांब्याच्या तारेचा. सांबरशिंगाच्या भानगडीत पडू नका, ते परवान्याशिवाय बाळगणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. जोर बरोबर बसला की 'टच्' असा बारीक आवाज येतो, टवका पात्याच्या मध्यापर्यंत धावतो आणि खाली प्रवाळाच्या फुलांची नक्षी उघडी पडते. त्या प्रत्येक फुलाच्या जागी एकेकाळी एक जीव राहत होता. हे बघण्यासाठी मी भाड्यासकट सगळे पैसे आनंदानं दिले असते. जिथं फूल सिलिकेनं पूर्ण भरलेलं नाही तिथं टवका अडतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

नवशिक्यांनी मात्र यावर पैसे घालू नयेत. जाड काचेच्या बाटलीच्या बुडावर आधी हात बसवा. मास्क लावा, उघड्यावर बसा. या धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि खंभातच्या अकीक कामगारांनी तो भोगला आहे.

आपल्या भागातल्यांना एक कळकळीची विनंती. मलप्रभा-घटप्रभेच्या खोऱ्यांत खरी अश्मयुगीन हत्यारं सापडतात. ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच ती नोंदवली. परदेशी दगडाच्या कपच्या शेतात किंवा ओढ्यात टाकल्या तर उद्या अभ्यासकांचा घोळ होईल. मी सगळा चुरा पोत्यात भरतो, त्यात चालू वर्षाचं नाणं टाकतो, आणि तयार पात्यावर हिऱ्याच्या टोकानं वर्ष कोरतो.

मागवताना दगड ओला करून काढलेला फोटो मागा, चिरा त्यातच दिसतात. पुढच्या वेळी मी दुसऱ्या विक्रेत्याकडून चपटे, सोललेले तुकडेच घेणार, वजनात थोडे कमी भरले तरी चालतील.