डीएचचं मोल मोजायचंय? फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स असे वापरा

बेसबॉलमध्ये डेझिग्नेटेड हिटर (डीएच), म्हणजे फील्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा खेळाडू, संघाला किती उपयोगी पडला, हे ठरवायला फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स या दोन साइट्स पुरतात. फक्त शेवटच्या कॉलममधला वॉरचा (खेळाडूने मिळवून दिलेल्या जादा विजयांचा) आकडा उचलून निकाल देऊ नका. डीएचच्या बाबतीत तो आकडा कशाकशाची बेरीज-वजाबाकी करून आलाय, ते बघावंच लागतं.

पाया दोन्हीकडे एकच आहे. मायनर लीगमधून कधीही बोलावता येईल अशाच खेळाडूंचा संघ उभा केला, तर तो ०.२९४ च्या प्रमाणात सामने जिंकेल, असं दोघांनी २०१३ पासून एकमताने धरलंय. अशा खेळाडूच्या तुलनेत किती विजय जास्त मिळवून दिले, तो वॉर. पुढे येते पोझिशनची दुरुस्ती, म्हणजे खेळायची जागा किती अवघड त्यानुसार धावा वाढवणं-कापणं. फॅनग्राफ्स १६२ सामन्यांमागे कॅचरच्या खात्यात १२.५ धावा घालतं, शॉर्टस्टॉपच्या ७.५, फर्स्ट बेसमनच्या १२.५ कापतं आणि डीएचच्या १७.५. बेसबॉल-रेफरन्स अलीकडच्या हंगामांसाठी डीएचच्या १३५० इनिंग्जमागे १५ कापतं, म्हणजे पूर्ण हंगामाला सुमारे १६.

ही कपात अन्यायाची आहे, अशी ओरड नेहमी होते. मला ती पटत नाही. ग्लोव्ह लागतच नाही अशा जागेची कपात खरं तर आणखी मोठी हवी. ती कमी ठेवलीय, कारण बहुतेक खेळाडू डीएच म्हणून उतरले की स्वतःच्या नेहमीच्या कामगिरीपेक्षा थोडं कमीच मारतात. दोन पाळ्यांच्या मध्ये डगआउटमध्ये बसून अंग थंड पडतं, आणि दुखरा पाय किंवा खांदा घेऊन खेळणाऱ्यालाही याच जागेवर ठेवलं जातं.

एक हिशेब करून बघा. २०२४ मध्ये लीगचा डब्ल्यूओबीए (वॉक, हिट, होमर अशा प्रत्येक गोष्टीला तिच्या किमतीप्रमाणे वजन देऊन काढलेलं बॅटिंगचं मोजमाप) ०.३१० होता आणि त्याचं धावांत रूपांतर करणारा भाजक सुमारे १.२४. एखाद्या डीएचने ६५० प्लेट अपिअरन्समध्ये (बॅटिंगला येण्याच्या वेळा) ०.३७० राखला असं धरू. फरक ०.०६०; त्याला १.२४ ने भागून ६५० ने गुणलं की सरासरीपेक्षा ३१ धावा जास्त. १५० सामन्यांची पोझिशन कपात १६, रिप्लेसमेंटच्या, म्हणजे वरच्या मायनर लीगच्या खेळाडूशी तुलनेच्या, जमेला साधारण २०. उरल्या ३५ धावा, आणि दहाएक धावांना एक विजय धरला तर वॉर साडेतीन. आता हाच खेळाडू लीगच्या सरासरीइतकंच मारत असेल तर? शून्य वजा १६ अधिक २० म्हणजे ४ धावा, अर्धा विजयसुद्धा नाही. डीएचकडून ‘बरी’ बॅटिंग का चालत नाही, ते इथे दिसतं. (प्रत्यक्षात पार्क, म्हणजे मैदानाचा परिणाम, आणि बेसरनिंगची दुरुस्तीही होते, जड पायाच्या खेळाडूच्या आणखी दोन-तीन धावा त्यातच जातात.)

दोन्ही साइट्सवर फसण्याची एकेक जागा आहे. फॅनग्राफ्सच्या ‘डिफेन्स’ कॉलममध्ये फील्डिंग आणि पोझिशन एकत्र असतात, त्यामुळे एकदाही ग्लोव्ह न घातलेल्या डीएचसमोर उणे १६ दिसतं. ते वाईट फील्डिंग नव्हे, नुसती कपात आहे. निव्वळ बॅट तोलायची असेल तर ‘ऑफेन्स’ बघा, त्यात पोझिशन नाही. बेसबॉल-रेफरन्सवर उलटं आहे: पोझिशन ओवॉरमध्येही (बॅटिंगचा वॉर) धरलीय आणि डीवॉरमध्येही (फील्डिंगचा वॉर). दोन्हींची बेरीज केली की डीएचला तीच शिक्षा दोनदा होते. ही चूक सर्रास दिसते. त्याऐवजी ‘प्लेअर व्हॅल्यू’ टेबलमध्ये आर-बॅट (बॅटिंगच्या धावा), आर-बेसर (बेसरनिंगच्या) आणि आर-पॉस (पोझिशनच्या) वेगवेगळे वाचा.

इतिहासासाठी मात्र बेसबॉल-रेफरन्सच उघडावं. २०१९ मध्ये हॅरल्ड बेन्स आणि एडगर मार्टिनेझ हे दोन नावाजलेले डीएच एकाच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेले. बेन्सचे हिट्स २८६६, मार्टिनेझचे २२४७. होमर ३८४ विरुद्ध ३०९. जुन्या पद्धतीने मोजलं तर बेन्सच पुढे. वॉर मात्र बेन्सचा ३९ च्या आसपास आणि मार्टिनेझचा ६८. मार्टिनेझ ०.४१८ च्या प्रमाणात बेसवर पोचायचा, बेन्स ०.३५६ च्या, आणि पोझिशनची कपात भरून काढायला हाच फरक कामी आला. २०२४ चा शोहेई ओहतानी हे दुसरं टोक: ५४ होमर, ५९ स्टील्स, दोन्ही साइट्सवर ९ च्या घरातला वॉर, आणि पूर्ण वेळ डीएच राहून एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू) होणारा पहिला खेळाडू.

दोन्ही साइट्स एका ठिकाणी कमी पडतात. २०२२ पासून नॅशनल लीगमध्येही (मेजर लीगच्या दोन लीगांपैकी एक) डीएच कायमचा आला. अनेक मॅनेजर ही जागा फिरती ठेवून कॅचरला किंवा वय झालेल्या आउटफिल्डरला तिथे एखाददुसरा दिवस विश्रांती देतात. एकच खेळाडू रोज ती अडवून बसला की संघाची ही सोय जाते, आणि तिची किंमत वॉरमध्ये कुठेच धरलेली नाही. म्हणून वॉरचं पैशांत रूपांतर करणारा फॅनग्राफ्सचा ‘डॉलर्स’ कॉलम डीएचच्या करारासाठी जसाच्या तसा लावू नये.

पैशांचं म्हणाल तर वर सांगितलेलं सगळं फुकट आहे. फॅनग्राफ्सची मेंबरशिप घेतली की जाहिराती जातात. ‘किमान निम्मे सामने डीएच म्हणून खेळलेले’ अशी चाळणी लावून सगळ्या हंगामांची यादी हवी असेल, तर बेसबॉल-रेफरन्सचं स्टॅटहेड विकत घ्यावं लागतं. एकाच खेळाडूपुरतं बघायचं असेल तर ते लागत नाही. त्याच्या ‘स्प्लिट्स’ पानावर ‘ॲज डीएच’ ही ओळ असतेच.