पसारा बघून हातपाय गळत असतील तर आवरायची कुठली पद्धत धरायची?

घर इतकं पसरलंय की कुठून सुरू करू तेच कळत नाही, आणि हिय्या करून उठलं तरी पाचव्या मिनिटाला हातात कुठलीतरी जुनी वायर धरून आपण तसेच उभे असतो, हिचं काय करायचं म्हणून. ज्यांचं आत्ता असं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मोठ्या आजारपणानंतर जवळजवळ चार महिने माझं घर असंच होतं. त्या काळात मी आवरायच्या बऱ्याच पद्धती करून बघितल्या, दोन-तीन तडीला नेल्या, बाकीच्या अर्ध्यात सुटल्या.

त्या सुटलेल्यांनीच मला जास्त शिकवलं. कुठलीही पद्धत सांगताना लोक काम पूर्ण झाल्यावर घर कसं चकाचक दिसेल ते सांगतात, पण थकलेल्या माणसाने आधी हे विचारायला हवं की मी हे मध्येच सोडलं तर घर आधीपेक्षा बरं असेल की आणखी वाईट? कारण मध्ये सुटण्याची शक्यताच जास्त असते ना, फोन येतो, मूल उठतं, कंबर भरून येते, कधी काही कारण नसताना मन बसतं. म्हणून खाली प्रत्येक पद्धत मी याच प्रश्नावर तपासलीये.

पण त्याआधी एक गोष्ट. पसारा बघून डोकं बंद पडतं त्याला आळस म्हणू नका. आपलं डोकं एका वेळी साधारण 4 गोष्टीच धरून ठेवू शकतं, नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये हा आकडा मांडला. आता पसरलेल्या खोलीतली प्रत्येक वस्तू एकेक प्रश्न घेऊन बसलेली असते, ठेवू का टाकू, धुऊ का घडी घालू, ही माझी का दुसऱ्या कुणाची, आणि असे दोनशे प्रश्न एकदम समोर आले की माणूस खाली बसणारच. डोळ्यांचंही तसंच आहे, नजरेसमोर एकाच वेळी खूप गोष्टी असल्या की मेंदूच्या दृष्टीच्या भागात त्या एकमेकींशी स्पर्धा करतात आणि एकीवर लक्ष टिकवायला जास्त जोर लावावा लागतो. अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नवरा-बायको दोघं नोकरी करतात अशा घरांमधल्या ज्या बायकांनी स्वतःच्या घराचं वर्णन पसारा, अर्धवट कामं अशा शब्दांत केलं होतं त्यांच्यात कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनचा दिवसभरातला उतार कमी दिसला, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत तो जितका खाली यायला हवा तितका येत नव्हता. पसाऱ्यामुळे ताण आला का ताणामुळे पसारा झाला हे त्यावरून ठरत नाही, पण दोन्ही एकत्र नांदतात एवढं नक्की.

म्हणजे ज्या पद्धतीत निर्णय कमी घ्यावे लागतात ती आपल्याला जास्त सोसते. आता एकेक बघू.

एका दिवसात सगळं की टायमर लावून थोडं थोडं

एका दिवसात सगळं घर काढायचं ही पद्धत ज्याच्या अंगात ताकद आहे, मन ताजं आहे आणि त्या दिवशी कुणी हाक मारणार नाही त्याच्यासाठी उत्तम आहे. फायदा खरा आहे, संध्याकाळी बदल डोळ्यांना दिसतो. पण अर्ध्यात सोडलं तर? कपाटं उघडी, आतलं सगळं बाहेर, झोपायला पलंगावर जागा नाही. मी रविवारी सकाळी नऊला सुरू केलं होतं, दीड वाजेपर्यंत जोशात होते, मग अंगातलं त्राणच गेलं, आणि पुढचे सहा दिवस आम्ही त्या ढिगांमधून वाट काढत फिरत होतो. त्या आठवड्यात मी जेवढी खचले तेवढी मूळ पसाऱ्याने कधी खचले नव्हते.

टायमरची पद्धत अगदी उलटी. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत बऱ्याच जणांना माहीत असेल, 1980 च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने अभ्यासासाठी ती काढली, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ होतं म्हणून हे नाव. पण ती अभ्यासासाठी होती. घर आवरायला आणि तेही थकलेलं असताना 25 मिनिटं खूप होतात, मी 10 वर आले आणि अगदी वाईट दिवशी 5. इथे खरी गंमत थांबण्यात आहे. टायमर वाजला की थांबायचं, अजून करावंसं वाटत असलं तरी पहिले काही दिवस थांबायचंच, कारण मनाला एकदा खात्री पटली की हे खरंच दहा मिनिटांत संपतं, तरच ते दुसऱ्या दिवशी उठायला तयार होतं. अर्ध्यात सोडलं तर काहीच बिघडत नाही कारण काढलेलं काही नसतंच. कमतरता एकच, टायमर वेळ सांगतो पण काय करायचं ते सांगत नाही, दहातली चार मिनिटं कुठून सुरू करू यातच जातात. त्यामुळे नुसत्या टायमरवर भागत नाही, त्याला पुढच्यापैकी एखादी पद्धत जोडावी लागते.

प्रकारानुसार की फेऱ्या मारून

प्रकारानुसार म्हणजे जपानच्या मारी कोंदो यांच्यामुळे जगभर गेलेली पद्धत, घरभरातले सगळे कपडे आधी एका जागी आणायचे, मग प्रत्येक कपडा हातात घेऊन ठरवायचं, त्यानंतर पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किरकोळ वस्तू आणि सगळ्यात शेवटी आठवणींच्या वस्तू. मला या पद्धतीबद्दल आदर आहे. तो क्रम फार विचाराने लावलाय, सोपे निर्णय आधी आणि काळजाला हात घालणारे शेवटी, म्हणजे फोटोंच्या डब्यापर्यंत पोचेपर्यंत ठरवायची सवय झालेली असते. आणि आपल्याकडे नक्की किती सामान आहे हे ढीग बघितल्यावर जसं कळतं तसं एरवी कधीच कळत नाही.

पण ही पद्धत सामान कमी करायची आहे आणि तिला निर्णयांची रास लागते, जी आपल्याकडे आत्ता नाहीये. मध्येच सोडलं तर घरातले सगळे कपडे पलंगावर. स्वतः कोंदो यांनी 2023 मध्ये सांगितलं होतं की तिसऱ्या मुलानंतर घर नीटनेटकं ठेवणं त्यांनी बरंचसं सोडून दिलंय, वेळ मुलांना द्यायचाय. मला ते वाचून फार बरं वाटलं, आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यात प्रत्येक पद्धत बसत नाही हे त्यांनी उघड सांगितलं म्हणून. तुमची तब्येत आणि मन ठीक असताना, सुट्टी असताना ही जरूर करा. धीर सुटलेला असताना नको.

फेऱ्यांची पद्धत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली त्यामुळे जरा सविस्तर सांगते. कितीही भयंकर दिसणारी खोली घ्या, तिच्यात पाचच प्रकारच्या गोष्टी असतात: कचरा, खरकटी भांडी, कपडे, जागा ठरलेल्या वस्तू आणि जागा न ठरलेल्या वस्तू. एका वेळी एकच प्रकार बघायचा. पहिल्या फेरीत हातात पिशवी आणि डोळ्यांना फक्त कचरा दिसला पाहिजे, पुस्तक पायात आलं तरी उचलायचं नाही. दुसऱ्या फेरीत भांडी सिंकपर्यंत न्यायची, धुवायची नाहीत, फक्त न्यायची. तिसऱ्या फेरीत कपडे एका बादलीत किंवा चादरीत गोळा करायचे, मळके का धुतलेले याचा निकाल आत्ता लावायचा नाही. इथपर्यंत एकही अवघड निर्णय घ्यावा लागत नाही आणि तरी खोलीतली जमीन दिसायला लागते, माझ्या बैठकीच्या खोलीत पहिल्या तीन फेऱ्यांना मिळून वीस-बावीस मिनिटं लागली होती आणि मी अक्षरशः रडले, कारण त्या खोलीबद्दल मी महिनाभर मनात धसका घेऊन बसले होते. चौथ्या फेरीत ज्यांची जागा ठरलीये त्या वस्तू परत तिथे. पाचवा प्रकार, म्हणजे ज्यांची जागाच नाही ती वायर, ते स्क्रू, कुठल्यातरी खेळण्याचा तुकडा, हे सगळं एका टोपलीत घालून बाजूला. त्याचा निर्णय आज नाही.

अर्ध्यात सोडलं तर? एका फेरीनंतर थांबा, तीन फेऱ्यांनंतर थांबा, घर आधीपेक्षा बरंच असतं, वाईट कधीच होत नाही. मी करून बघितलेल्यांत ही खात्री टायमर आणि हीच पद्धत देते, म्हणून माझं मत सरळ आहे: सगळं डोक्यावरून गेलं असेल तर फेऱ्या आणि दहा मिनिटांचा टायमर, बाकी सगळं नंतर. दोष असा की यात सामान कमी होत नाही. घरात मुळात जागेपेक्षा वस्तू जास्त असतील तर दोन आठवड्यांत परत तेच होईल आणि मग प्रकारानुसार आवरायला कधीतरी बसावंच लागेल.

एक कोपरा की सगळं खोक्यात

एक कोपरा किंवा एक टेबल पूर्ण स्वच्छ करायचं आणि काहीही झालं तरी तेवढं राखायचं, ही पद्धत मनासाठी आहे. पाहुणे येणार असतील तर तिचा उपयोग नाही, पण तुम्हाला बसायला एक तरी शांत जागा मिळते. आजारी माणसाने पलंगाजवळची जागा निवडावी, दिवसातली पहिली आणि शेवटची नजर तिथेच जाते. खोक्यांत भरून नजरेआड करणं हे कुणी अचानक येणार असेल, घरात दुरुस्तीचं काम असेल तर चालतं, पण खोक्यावर तारीख आणि कुठल्या खोलीतलं आहे ते लिहाच. माझी तीन खोकी न लिहिता राहिली, त्यातल्या एकात बँकेची कागदपत्रं होती आणि ती शोधायला अख्खी दुपार गेली. कागदं, औषधं, किल्ल्या, चार्जर, या चार गोष्टी खोक्यात कधीच टाकू नका.

एकट्याने की कुणाला बोलावून

याला मी सगळ्यात उशिरा तयार झाले, लाजेमुळे. शेवटी ताई आली आणि तिने फारसं काही केलंही नाही, खुर्चीत बसून माझ्याशी बोलत राहिली, मधूनमधून पिशवी धरली, आणि मी दोन तास काम केलं. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जातं ती स्थिती, असलेल्या लोकांमध्ये हे मुद्दाम वापरतात, त्याला बॉडी डबलिंग म्हणतात, दुसरं माणूस नुसतं सोबत असलं तरी काम सुरू करणं आणि टिकवणं सोपं जातं. फोन स्पीकरवर ठेवून केलं तरी चालतं. माणूस मात्र निवडून बोलवा. “एवढं कसं होऊ दिलंस गं” असं म्हणणारं माणूस कितीही झटपट हात चालवत असलं तरी आत्ता नको. पैसे देऊन कुणाला बोलावणार असाल तर लादी, बाथरूम, सिंक अशी ज्यात निर्णय नाहीत ती कामं त्यांना द्या, पण तुमच्या वस्तूंचं काय करायचं हे दुसऱ्या कुणी ठरवू नये.

कुठलीही पद्धत घ्या, आधी काय?

जे थांबलं तर सडतं ते आधी. ओला कचरा, खरकटी भांडी, ओले कपडे. कोरडा पसारा आणखी महिनाभर तसाच राहिला तर फार बिघडत नाही, पण मशीनमध्ये राहिलेल्या ओल्या कपड्यांना जो कुबट वास येतो तो जंतूंमुळे असतो, जपानमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये तो करणारा मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जंतू शोधून काढला, आणि ते कपडे परत धुवावेच लागतात, म्हणजे काम दुप्पट. म्हणून खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगाआधी मशीनमधले ओले कपडे. आणि घाईत बाथरूम घासताना ब्लीच आणि अॅसिडवालं क्लीनर एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनियाही नको. थकलेलं असताना अशा चुका होतात म्हणून मुद्दाम सांगतेय.

आणि हेही बघा की पसारा खरंच पसाराच आहे का. दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप बिघडलेली असं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, घर थांबेल. वस्तू टाकायच्या नुसत्या विचाराने जीव घाबरा होत असेल आणि खोल्या वापरण्याजोग्या राहिल्या नसतील तर त्यालाही होर्डिंग डिसऑर्डर असं वेगळं नाव आहे, 2013 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत हा स्वतंत्र आजार धरतात आणि त्यावर उपचार आहेत. घरातल्यांनी चोरून वस्तू फेकल्या तर अशा माणसाचा त्रास वाढतो.

घर जरा ताब्यात आल्यावर रोज थोडं की आठवड्यातून एकदा हा प्रश्न येतो. ज्यांचं वेळापत्रक ठरलेलं आहे त्यांनी रोज रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं, पहिल्या तीन फेऱ्या पुरतात. ज्यांच्या तब्येतीचा भरवसा नाही त्यांनी रोजचं बंधन घालून घेऊ नका, एक दिवस चुकला की सगळंच सुटल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा बरं वाटेल त्या दिवशी एक फेरी. माझं अजून असंच चाललंय, या आठवड्यात दोनदा झाली, पाचव्या प्रकाराची टोपली अजून भरलेलीच आहे आणि ती दाराआड ठेवलीये.