पाट्या उतरवलेली खानावळ

पुण्यात पेरूगेटच्या जवळच एका गल्लीत घरगुती खानावळ आहे, नाव टाकत नाहीये कारण काकांनीच बजावलंय, "लिहा काय हवं ते पण नाव नको, आहे तीच गर्दी झेपत नाही." मी कॉलेजात असल्यापासून इथं जेवतेय आणि खरं सांगू, जेवण कायमच चांगलं होतं, वैताग यायचा तो बाकी सगळ्याचा. भिंतभर पाट्या. हात धुताना पाणी सांडू नये. एका ताटात दोघांनी जेवू नये. एकट्याने चौघांचं टेबल अडवू नये. पार्सलवाल्यांनी गल्ल्यापुढे गर्दी करू नये. ताटात टाकल्यास २० रुपये जादा. जेवायला आलोय का दहावीच्या पेपरला, तेच कळायचं नाही.

मधे दीडेक वर्ष जाणं झालं नव्हतं, परवा बाबांना घेऊन गेले तर भिंत रिकामी! मला वाटलं रंगकाम चाललंय. तसं नव्हतं, काकांच्या सूनबाई आता बघतात सगळं, त्या डिझाइन शिकलेल्या आहेत आणि त्यांचं म्हणणं असं की जिथं पाटी लावायची वेळ येते तिथं गिऱ्हाइकाचं नाही, आपलं काहीतरी चुकलेलं असतं. डॉन नॉर्मन म्हणून डिझाइनमधले एक मोठे अमेरिकन अभ्यासक आहेत, जे दार ढकलायचं का ओढायचं तेच कळत नाही त्याला डिझाइनवाले 'नॉर्मन डोअर'च म्हणतात. इथल्या दारालाही दोन्हीकडून सारखीच मूठ होती आणि बाहेर पडताना मी इतकी वर्षं ते ओढत आलेय. आता बाहेरून मूठ आणि आतून नुसता सपाट पत्रा, ढकलण्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्यांनी सुरुवात मेन्यूपासून केलीच नाही. आठ दिवस मोरीजवळ स्टूल टाकून उष्टी ताटं बघत बसल्या. भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अहो ताई, उसळच परत येते, पोळी कोणी टाकत नाही." मग कळलं की वाढपी बादली घेऊन फिरतो तो विचारायच्या आत पळी रिकामी करतो, आणि वाटी एवढी मोठी की उसळ संपता संपत नाही. वाटी छोटी केली, आणि आता वाढपी आधी थांबतो, मग विचारतो. बाबांना ताटावर दोन्ही हात आडवे धरून "पुरे पुरे" करायची सवय, ते हात धरून बसले आणि समोरचा मुलगा नुसता उभा! दोघंही हसले.

बाकीच्या पाट्यांचंही तसंच. दोघं एका ताटात का जेवतात, तर लहान पोराला पूर्ण ताट संपत नाही, म्हणून छोटं ताट सुरू केलं, १२० रुपये. पूर्ण ताट २००. बेसिनला पोरांचे हात पोचत नव्हते म्हणून पाणी सांडायचं, खाली एक पायरी बांधली, विषय संपला. आणि एकटे येणारे म्हणजे बहुतेक एमपीएससीवाली मुलं, त्यांच्यासाठी भिंतीलगत लांब फळी आणि उंच स्टुलं, वर मोबाईल चार्जिंगचे प्लग. काकांना भीती होती की पोरं तिथंच अभ्यासिका थाटतील, तशी ती थाटतातही, पण अडीचनंतर, तेव्हा टेबलं रिकामीच असतात.

सगळंच जमलंय असं नाही हं. मेन्यू मोबाईलवर केला होता, क्यूआर स्कॅन करा वगैरे, पण अर्ध्या गिऱ्हाइकांचा चष्मा घरी राहिलेला असतो, महिन्याभरात गुंडाळावं लागलं. आता मोठ्या अक्षरातलं कार्ड आहे, बाबांनी चष्म्याशिवाय वाचलं. पार्सलला बाजूला वेगळी खिडकी केली त्यामुळे आत छान मोकळं झालंय, पण सगळ्या टू-व्हीलर गल्लीत आडव्या लागतात आणि शेजारच्या वाड्यातल्या आजी रोज ओरडतात, त्यांना कोणी विचारलेलंच दिसत नाही. फळीवरची स्टुलंही माझ्या उंचीच्या बाईला त्रासाचीच, पाय लटकत राहतात.

चवीबद्दल काय लिहू, आमटीला तोच जुना गोडसर चिंचगुळाचा वास, कोशिंबीर ताजी, मठ्ठा मात्र जरा पातळ वाटला. पाचपैकी चार.

एक पाटी अजून आहे बरं का. गल्ल्यावर, काकांच्या डोक्यावर, 'सुटे पैसे द्यावेत'. खाली यूपीआयचा स्टिकर, समोर सगळे फोन पुढे करून उभे, पण ती काढायची गोष्ट काढली की काका चष्म्यावरून बघतात आणि सूनबाई गप्प बसतात. गुरुवारी अळूची भाजी असते, साडेबाराच्या आत पोचा नाहीतर संपते.