पेपर ट्रिमर, कटर आणि बोन फोल्डर : नऊ महिने, अडीचशे पत्रिका

मार्चमध्ये भाच्याची मुंज ठरली. "पत्रिका मी घरीच करते की," असं जेवता जेवता बोलून गेले आणि वहिनीने शब्द तिथेच पकडला. एकशेदहा पत्रिका. त्याच आठवड्यात सरकत्या पात्याचा ए-फोर ट्रिमर मागवला, साडेआठशेला. मुंजीनंतर ऑगस्टमध्ये मैत्रिणीचं डोहाळजेवण आणि तुळशीचं लग्न उरकल्यावर काकांची वास्तुशांत, अशा सगळ्या मिळून अडीचशेच्या आसपास पत्रिका या ट्रिमरखालून गेल्या आहेत. कंपनीचं नाव देत नाही. अशा ट्रिमरवर पाच वेगवेगळी नावं चिकटवलेली मी पाहिली आहेत.

पहिले दोन दिवस मी जाम खूश होते. मग कापलेले कागद गठ्ठा करून टेबलावर आपटले, तर एक कोपरा सारखा बाहेर येई. नवीन ट्रिमर घेतला की आधी हे तपासा : एक कागद मधोमध कापा, पुस्तक मिटावं तसा एक अर्धा दुसऱ्यावर उलटा ठेवा आणि खालच्या कडा जुळवा. कापलेल्या कडा वरपर्यंत जुळल्या तर काटकोन बरोबर. माझ्याकडे वरच्या टोकाला दोन मिलिमीटरचं अंतर पडलं. या पद्धतीत चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरी चूक एका मिलिमीटरची. ऐकायला काहीच नाही, पण दुमडलेल्या पत्रिकेत एक मिलिमीटर लगेच डोळ्यात खुपतो. कागद टेकवायच्या बाजूच्या प्लास्टिक पट्टीच्या एका टोकाला कार्डाची बारीक चिंधी चिकटवली, तेव्हा तो सरळ कापायला लागला. विक्रेत्याला फोटो पाठवले होते. उत्तराची वाट अजून पाहते आहे.

पण मुंजीच्या पत्रिकांचा खरा घोळ कापण्यात झालाच नाही, घडीत झाला. मरून रंगाचा २५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम, जाडसर) कार्डशीट, अख्खा ए-फोर मधोमध दुमडायचा, असं ठरवलं होतं. पस्तीस झाल्या आणि प्रत्येकीच्या घडीवर रंग फाटून आतले पांढरे तंतू वर आले, टाच फुटते तसे. आई म्हणाली, "नख नीट फिरव." नखाचा दोष नव्हता. गिरणीत कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेने झोपतात, छापखान्यात त्याला ग्रेन म्हणतात. घडी तंतूंच्या दिशेने घातली तर ती गुपचूप बसते, आडवी घातली तर तंतू मोडतात. ओळखायला सोपं आहे. कागद न दुमडता हलकेच वाकवून बघायचा, एकदा लांबीकडून, एकदा रुंदीकडून. ज्या बाजूने कमी कुरकुर करतो, घडी त्या बाजूने घालायची.

माझ्या कागदाचे तंतू २९७ मिलिमीटरच्या बाजूला समांतर होते, आणि मी घडी घालत होते नेमकी त्यांना आडवी. मग तोच कागद आधी मधून कापला आणि प्रत्येक अर्धा पुन्हा दुमडला. आता घडी तंतूंच्या दिशेने आली, फुटणं थांबलं, पत्रिका १०५ बाय १४८ची झाली, तयार सी-सिक्स पाकिटात बसली आणि कागदही निम्मा लागला. वहिनीला मी हे सगळं आधीच योजलेलं होतं असं सांगितलंय.

घडीच्या आधी रेघ दाबून घेणं सोडू नका. मी बोन फोल्डर, म्हणजे रेघ नि घडी दाबायची चपटी पट्टी, प्लास्टिकचा घेतला, पण रिफिल संपलेल्या बॉलपेनानेही रेघ तितकीच चांगली पडते. रेघ दाबली की एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. हा उंचवटा घडीच्या आत जायला हवा. मी महिनाभर उलटं करत होते, कारण खाचेकडे दुमडावंसं हाताला आपसूक वाटतं. घडी पक्की करताना प्लास्टिकचा फोल्डर गडद कागदावर चकचकीत पट्टा सोडतो, म्हणून मध्ये बटर पेपर ठेवते. दोन घड्या घालून तीन पानांची पत्रिका असेल तर आत जाणारं पान दोनतीन मिलिमीटर कमी घ्या. ए-फोरला १००, १०० आणि ९७.

ट्रिमरचं पातं साठसत्तर कार्डशीटनंतर कागद ओढायला लागतं. पात्याखालची प्लास्टिकची पट्टीही झिजते, हे उशिरा कळलं. पातं नवं घालूनही कडा लव आल्यासारखी दिसत होती, ती या पट्टीमुळे. जादा पाती माझ्या ट्रिमरसोबत दोनच आली. पुढची पुण्यात अप्पा बळवंत चौकात तीन दुकानं फिरल्यावर मिळाली, तीही "बसतील बहुतेक" या बोलीवर. बसली. पावसाळ्यात कागद दमट होतो तेव्हा तर नवं पातंही अडतं. डोहाळजेवणाच्या वेळी आदल्या रात्री गठ्ठा बंद डब्यात ठेवत होते, त्याचा फरक पडला.

त्यामुळे जाड कागदाला हल्ली स्टीलची पट्टी, कापताना खाली ठेवायची ए-थ्री मॅट आणि १८ मिलिमीटरचा कटरच घेते. (मॅट येण्याआधी आठवडाभर पोळपाटाची मागची बाजू वापरली. आईने तो माझ्यासमोर नळाखाली घासला आणि एक शब्द बोलली नाही.) टोक मोडून नवी धार काढायच्या या कटरची कल्पना १९५६ साली जपानमध्ये योशिओ ओकादा यांना सुचली. ते छपाईच्या व्यवसायात होते, आणि फुटलेल्या काचेची धार व चॉकलेटच्या वड्या यांवरून त्यांना हे सुचलं. आपण मात्र ते टोक मोडायला कचरतो आणि बोथट धारेवर जोर देत बसतो. मी आता दर दहा कागदांनी मोडते, आणि एका दमात कापायच्या ऐवजी हलक्या हाताने तीन वेळा फिरवते.

वास्तुशांतीला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद घेतला. ही संस्था १९४०पासूनची. सुती चिंध्यांच्या त्या कागदावर ट्रिमर सपशेल हरला, कड चावल्यासारखी झाली. शेवटी पट्टी ठेवून ओल्या ब्रशने रेघ ओढली आणि कागद हळूच फाडला. मऊ, पिंजल्यासारखी कड आली. काकूंनी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं तेव्हा ते त्या लवेत असं मुरलं की पहिली पत्रिका कसबा गणपतीला ठेवताना हातातून सोडवेना.

ट्रिमर घ्यावा का? साध्या कागदाच्या पन्नासएक पत्रिका वर्षातून एकदा करणार असाल तर घ्या, वेळ खूप वाचतो. नुसता जाड किंवा हातकागद वापरणार असाल तर ते पैसे मॅट आणि स्टीलच्या पट्टीवर घाला. पट्टीखाली कॉर्क असलेली बघा, घसरत नाही. माझा ट्रिमर सध्या पलंगाखाली आहे. भाचा त्यावर वह्यांची कव्हरं कापतो, आणि ती कार्डाची चिंधी "कचरा" म्हणून त्याने दोनदा काढून टाकली आहे.