३२ हजार सोडून २५ हजाराची नोकरी घ्यायची का, हे विचारायला गेले होते

नागपूरच्या धरमपेठेतल्या या करिअर कौन्सेलिंगवाल्यांना मी ४ स्टार देऊन राहिले, एक स्टार का कापला तेही लिहिते कारण पैसे आपले जातात. इथे जास्त करून दहावी-बारावीच्या पोरांचे आईबाप येतात, पण नोकरीवाल्यांसाठी तासाभराची वेगळी सिटिंग आहे हे कोणाला माहीतच नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

माझं एमकॉम झालंय, इतवारीत एका होलसेल व्यापाऱ्याकडे अकाउंट्स पाहते. हातात ३२,००० येतात, शेठ माणूस चांगले, दिवाळीला बोनस वेगळा. काम म्हणजे टॅली, बिलं, ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, २० च्या आत ३बी ही जीएसटीची रिटर्न भरली, की झाला पुढचा महिना सुरू. अशात मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या मोठ्या कंपन्यांच्या भागातल्या, एका कंपनीची ऑफर आली, एसएपीवर (मोठ्या कंपन्यांचं अकाउंट्सचं सॉफ्टवेअर) काम, बाहेरदेशच्या क्लायंटचे अकाउंट्स, पण ग्रॉस, म्हणजे कापाकापीच्या आधीचा पगार, २७,०००. बाबा म्हणाले अगं पगार वाढवायला नोकरी बदलतात का कमी करायला, मैत्रिणी म्हणे डोळे मिटून घे, मिहान आहे नं. हिशोब करून कोणीच सांगेना.

तो हिशोब इथल्या मॅडमनी केला आणि त्यासाठीच माझे चार स्टार आहेत. त्यांनी सगळ्यात आधी ऑफर लेटर मागितलं आणि माझ्यासमोर कागदावर आकडे मांडले. बेसिक १५,०००, त्याच्या १२ टक्के म्हणजे १,८०० माझा पीएफ कापला जाणार, २०० प्रोफेशनल टॅक्स, हातात आले २५,०००. म्हणजे घरात महिन्याला ७,००० कमी येणार हे खरंच आहे, त्यांनी ते गोड करून नाही सांगितलं. पण कंपनीसुद्धा वरून १,८०० भरणार, त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात आणि ५५० माझ्या पीएफमध्ये, म्हणजे माझ्या नावावर दर महिन्याला ३,६०० जमा होणार, तर खरा फरक ३,४०० चा. आता जिथे आहे तिथे वीसपेक्षा कमी माणसं आहेत त्यामुळे पीएफ सक्तीचा नाही, आणि माझ्या नावावर इतक्या वर्षांत एक रुपया जमा नाही. हे मला माहीत होतं पण असं शेजारी शेजारी लिहून कधी पाहिलं नव्हतं. वर आईबाबांचा हेल्थ इन्शुरन्स लेटरमध्ये आहे का तेही त्यांनी शोधायला लावलं, नव्हता, फक्त माझाच होता, तर त्याचा एक पैसा त्यांनी हिशोबात धरू दिला नाही.

मग म्हणाल्या, घर ७,००० कमी घेऊन किती महिने चालेल ते आधी सांग, करिअरचं मग बोलू. लहान भावाची फी आहे, बाबांची पेन्शन आहे, सगळं मांडलं तर ताण पडेल पण चालेल असं निघालं. न चालणारं निघालं असतं तर मी इथेच थांब म्हटलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि मला ते फार आवडलं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला मैत्रिणींपैकी कोणी सांगितली नव्हती. एसएपी एसएपी सगळे करतात, पण प्रोक्युअर टू पे मध्ये, म्हणजे खरेदीची बिलं आणि त्यांचे पैसे देण्याच्या कामात, तीन वर्षं नुसती व्हेंडरची इनव्हॉइस टाकत बसलीस तर तिथेही तेच होईल जे इथे होऊन राहिलं. रेकॉर्ड टू रिपोर्टमध्ये, म्हणजे मंथ एंड क्लोजिंग (महिन्याचे हिशोब बंद करणं), रिकन्सिलिएशन (हिशोब जुळवणं) या कामात कधी घेतात ते एचआरला जॉइन व्हायच्या आधी विचार. बॉन्ड आहे का, नोटीस पिरियड किती, आणि शिफ्ट रात्री सुटते तर घरापर्यंत कॅब देणार का, हे सगळं मेलवर लेखी माग. मी मागितलं. एचआरनी उत्तर दिलं, बॉन्ड नाही, कॅब आहे, आणि वर्षभरानंतर इंटर्नल पोस्टिंगला अप्लाय करता येतं. मी अजनीला राहते, सकाळच्या वेळी मेट्रोनी मिहानजवळच्या खापरीला जाता येतं, तोही प्रश्न मिटला.

शेठनी मध्येच ३,००० वाढवून देतो म्हटलं तेव्हा मी मॅडमना फोन केला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की ३,००० नी तुझं काम बदलणार आहे का. नाही बदलणार. मी मिहानची ऑफर घेतली, पुढच्या महिन्यात जॉइन होते. बाबा अजून नाराज आहेत, पण तो कागद त्यांनी दोनदा वाचला.

आता कापलेला स्टार. रिसेप्शनवर तुम्हाला अॅप्टिट्यूड टेस्टचं पॅकेज घ्याच म्हणतात, मला पण सुरुवातीला तेच गळ्यात मारत होते. ती टेस्ट कोणती साइड घ्यायची हे न कळणाऱ्या पोरांसाठी आहे, सहा-सात वर्षं काम केलेल्या माणसाला त्यातून काय कळणार? सरळ सांगा फक्त सिटिंग पाहिजे. आणि वेळ दिलेली असूनही बाहेर खूप बसवतात, शनिवारी तर पोरं आणि पालक मिळून पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मधल्या वारी संध्याकाळची वेळ घ्या, सोबत ऑफर लेटर, सॅलरी स्लिप आणि घरखर्चाचे खरे आकडे न्या.