किल मारताना १५ का ९?
सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हळदीच्या सौद्यांच्या पट्ट्या बनवणारी पायथनची स्क्रिप्ट मी सांभाळतो, ती अडकली की पोरं थेट किल मायनस ९ मारायची, म्हणजे चालू प्रोग्रॅम (प्रोसेस) थांबवायची लिनक्सची किल कमांड, ९ नंबरच्या सिग्नलनं. माझं मत सरळ आहे, आधी १५ नंबरचा सिग्नल, म्हणजे सिगटर्म. तो प्रोसेसला सांगतो की आवर आता, आणि स्क्रिप्टला तो पकडता येतो, हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लावून त्यात सिस एक्झिट (स्क्रिप्टमधून बाहेर पडणं) केलं की फायनली ब्लॉक (शेवटची आवराआवर करणारा भाग) चालतो, फाइल नीट बंद होते, लॉक फाइल (स्क्रिप्ट चालू असल्याची खूण) पण काढता येते. हँडलर नसेल तर मात्र पायथन सिगटर्मवरही फायनली न चालवताच मरतं, हे लय जणांना माहीत नसतं.

९, सिगकिल, पकडताच येत नाही, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, प्रोसेस जागेवर संपवतो. आमच्याकडं एकदा पट्टी निम्मीच लिहून राहिली, वजन होतं पण दर नाही, शिवाय स्क्रिप्टनं सुरू केलेली चाइल्ड प्रोसेस मागं चालूच, प्रिंटर अडवून बसलेली. शेतकरी समोर उभा असताना हे बघवत नाही हो. लिनक्सवर सर्व्हिसेस चालू-बंद करणारं सिस्टमडी पण आधी १५ च पाठवतं, डीफॉल्टला ९० सेकंद थांबतं, मग ९. मी हातानं मारताना १० सेकंद तरी थांबतोच.